रायपूरकडून आलेली ओली ताडपत्री

चावडीपुढं सारा गाव लोटला होता. पावसानं दडी मारली, रोवणी अडली, धानाचे पऱ्हे म्हणजे कोवळी रोपं पिवळी पडली आणि नेमका तेव्हाच सडक अर्जुनीकडून मेघनाथबाबा अवतरला. शेजारच्या गावात त्यानं पावसाचा शब्द दिला आणि दुसऱ्या दिवशी पाऊस झाला होता. "आठों दिशा के बादल इस मुठ्ठी में," म्हणत त्यानं मूठ फिरवली आणि बोट गर्दीतल्या रुख्मावर रोखलं. हिनं पाणी बांधलं आहे, सांजेच्या आत शिवेबाहेर काढा, उद्या पाऊस.

तिचा नवरा मनिराम गर्भगळीत झाला. तो शालीकराम गुरुजींना गाठायला सडकेवर धावला. गुरुजी चहाच्या टपरीवर होते. समोर रायपूरकडून आलेला ट्रक उभा होता. इथं लख्ख ऊन, पण ट्रकच्या ताडपत्रीच्या खळग्यांत पाणी साचलेलं. टपरीवाला हसून म्हणाला, बाबाचा चेला चुन्नीलाल दिवसभर इथं अशाच ताडपत्र्या चाचपतो. आज सकाळी एक ओली लागली आणि तो गावाकडं पळाला.

मनिरामला काहीच उमगेना. गुरुजींनी समजावलं, "बंगालच्या समुद्रावर हवेचा दाब कमी झाला की चहूकडची ओली हवा तिथं धावते, वर चढते, थंड होते आणि पाऊस होतो. ते चक्र रायपूरवरून आपल्याकडं सरकतं. त्याच्या आधी तिकडं भिजलेला ट्रक येतो, तो बघून बाबा उद्याचा पाऊस सांगतो. पण रुख्मा आज गेली आणि उद्या पाऊस आला, तर जन्मभर आपलं कोणी ऐकणार नाही."

दोघं पळतच परतले. लोक रुख्माला शिवेपर्यंत घेऊन गेले होते. मनिरामनं तिचा हात धरला.

"रुख्मा गावातच राहील," तो म्हणाला. "तरी पाणी आलं तं बाबा खोटा."

"अन् नाही आलं तं?" पाटील भैयाजींनी विचारलं.

"तं आम्ही दोघंही जातो."

गुरुजींनी ताडपत्रीची हकीकत सांगितली तेव्हा चुन्नीलालचा चेहरा पडला. भैयाजींनी उद्यापर्यंत थांबायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पूर्वेचा वारा सुटला, आभाळ दाटलं, धानाच्या बांध्या पाण्यानं भरल्या. गुरू-चेले आधीच पसार झाले होते. आणि भैयाजी नारळ घेऊन रुख्माच्या दारात! माय, तूच पाणी सोडलं, म्हणत ते वाकले. मनिरामला संताप आला, पण रुख्माच बोलली.

"काल पाणी माह्या हातात नोतं, आजही नाही. पाणी वाऱ्यानं येते. अन् आज नसतं आलं, तं मले हाकललंच असतं ना तुम्ही?"

भैयाजी नारळ घेऊन मागं फिरले. बाबा नवे येतील, बोट नव्या कुणावर रोखतील. तेव्हा आधी रुख्माचा हा प्रश्न स्वतःला विचारा.