वागू

वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि आणखी खाली इंद्रावती येऊन पडते, हे मी झोपेतही सांगितलं असतं. भूगोलाचा मास्तर ना मी! मूळचा नागभीडचा. बदलीवर सिरोंचा तालुक्यातल्या या शाळेत येऊन महिना झाला होता. इथली मुलं आपसात तेलुगू बोलत. मी त्या भानगडीत पडलो नव्हतो. मराठी शाळेच्या मास्तरानं तेलुगू कशाला शिकायची, असा माझा तोरा.

१९८४चा आषाढ. त्या दुपारी सीता यायची होती. लग्नाला दोनच महिने झालेले. "तिकडं जंगलात पोरगी धाडत नाई," म्हणून सासरे अडून बसले होते. "तिला फुलासारखी जपीन," असं चार पत्रांत लिहिलं, तेव्हा कुठे कबूल झाले.

नाल्यावर पूल नव्हता. पावसाळ्यात एसटी पलीकडेच थांबायची आणि माणसं पात्र चालत ओलांडायची. मी बारापासून अलीकडच्या काठावर येरझारा घालत होतो. बस दोनची. दोन वाजले, तीन वाजले. आभाळ कोरडं, नाल्यात घोटाभर पाणी, तरी जिवाला चैन नव्हतं. उगाच एका दगडाला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला.

साडेतीनला बस आली. उतरली ती एकटी सीताच, डोक्यावर ट्रंक घेऊन. ती पात्राच्या मध्यावर आली असेल, तोच माझ्या काठानं वरच्या वळणाकडून गावातला लच्छू कोळी ओरडत धावत आला, "वागू! वागू वस्तांदी!"

वाघ! माझी पाचावर धारण बसली. नागभीडच्या माणसाला वाघ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. जंगल माझ्या बाजूला, म्हणजे वाघही माझ्याच बाजूला. शेजारच्या मोहावर मी कसा चढलो, देव जाणे. वरून ओरडलो, "सीता, इकडं येऊ नको! तिथीच थांब!"

ती थांबली. नवऱ्याचं ऐकलं तिनं.

लच्छू मात्र सरळ नाल्यात उतरला. तेवढ्यात मला तो घरघराट ऐकू आला. काटक्या-पाचोळा ढकलत गढूळ पाणी वळणावरून येत होतं. वर डोंगरात पाऊस पडला होता. तीव्र उतारावर पाणी मुरत नाही, एकदम खाली येतं, हे मी त्याच सकाळी सातवीला शिकवलं होतं. लच्छूनं सीतेचा दंड धरून तिला ओढत आमच्या काठावर आणलं. ट्रंक वाहून गेली.

मी खाली उतरलो.

"वाघ कुठी, मास्तर?" लच्छू धापा टाकत हसला. "वागू म्हंजे नाला. नाला येऊन राह्यला म्हणलं मी. वाघाले आमी पुली म्हणतो."

मीही ओशाळून हसलो. सीतेला म्हणालो, "शब्दाचा घोटाळा झाला गं. मले वाटलं, वाघच आला."

ती ओला पदर पिळत होती. रागावलेली दिसत नव्हती, याचीच मला जास्त भीती वाटली.

"वाघ वाटला, ते कळलं मले," ती म्हणाली. "पन वाघ येऊन राह्यला होता, तं तुमी एकटेच झाडावर काऊन चढले?"



मग ती लच्छूकडे वळली. "भाऊ, पाणी कवा उतरते?"

परतीची बस पलीकडेच उभी होती.