टॉवेलाची खुर्ची

मित्रांनो, मी सागवानी खुर्ची आहे. जुनी आहे, हे माझा निखळलेला डावा हात पाहिल्यावर तुमच्या लक्षात येईलच. सध्या अंबडच्या एका महाविद्यालयाच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या कूलरशेजारी माझा मुक्काम आहे.

भागवत मिस्त्रींनी मला घडवलं. बरोबर झाली की नाही हे पाहायला ते एकदा माझ्यावर बसले. तेवढंच. महाविद्यालयात आल्यावर माझ्या पाठीवर पांढरा टॉवेल पडला, आणि टॉवेलाच्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब वर्षातून चारदा येत आणि बसत. एरवी मी समाजशास्त्र विभागात रिकामी असे.

त्यामुळे माझं शिक्षण मात्र झालं. भालचंद्र सर दरवर्षी विषमतेचे सुरुवातीचे सिद्धांत शिकवत, आणि शिकवत उत्तम. एका गटाचे विद्वान म्हणत, समाज शरीरासारखा आहे. कोणी डोकं, कोणी पाय, त्यात तक्रार कसली? दुसरे म्हणत, एकाकडे कारखाना आणि दुसऱ्याकडे नुसते हात, भांडण तिथूनच सुरू होतं. तिसरे म्हणत, पैसा वेगळा, मान वेगळा, सत्ता वेगळी, तिन्ही तपासा. मी तिघांशीही सहमत होत असे. लाकडाला ते परवडतं.

मला रोज पुसायच्या त्या कांताबाई. टॉवेल दर शनिवारी त्याच धुवायच्या. एकोणीस वर्षं त्या अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर होत्या. दर जूनला अण्णासाहेबांची सही झाली की पुढचे अकरा महिने.

यंदा मार्चमध्ये विषमतेवर चर्चासत्र झालं. कांताबाई पहाटेपासून उभ्या होत्या. सतरंज्या, समई, ऐंशी कप. मला मंचावर मधोमध मांडून त्या वाकल्या, त्या सरळ होईनात.

निबंध वाचायला आलेली अर्पिता खालून म्हणाली, "मावशी, बसा की जरा. कोणीच न्हाई आलं अजून."

"गुडघे लई ठणकून राह्यले, बाई," म्हणत कांताबाई टेकल्या. टॉवेलाला पाठ लागू नये म्हणून पुढे सरकून, अगदी काठावर. भागवत मिस्त्रींनंतर इतकं हलकं कोणी बसलं नव्हतं.

तेवढ्यात अण्णासाहेब आले. कांताबाई धडपडत उठल्या, त्यात माझा हात निखळला. अण्णासाहेब रागावले नाहीत. मोठा माणूस. ते एवढंच म्हणाले, "दुसरी खुर्ची आणा."

दुसरी आणली. तीसुद्धा कांताबाईंनीच.

मग भालचंद्र सर पन्नास मिनिटं बोलले. टाळ्या झाल्या. अर्पिता उभी राहिली. "सर, मघाशी मावशी बसल्या तर काय बिघडलं? यातला कोणता सिद्धांत ते सांगतो?"

सरांनी चष्मा पुसला, मंचावरच्या अण्णासाहेबांकडे पाहिलं. "चांगला प्रश्न आहे. चहानंतर घेऊ."

चहा कांताबाईंनी वाटला. चहानंतर आभारप्रदर्शन झालं.

जूनमध्ये सही झाली नाही. कारण कागदावर नव्हतं. तशी पद्धत नाही. कांताबाई विभागात आल्या. मोडक्या हातानिशी मी अजून तिथेच कोपऱ्यात होते. "सर, तुम्ही एक शब्द टाकला असता तं..."

"मी बोलणारच होतो, मावशी," सर म्हणाले. मला वाटतं, ते खरंच बोलणार होते. कांताबाईंनी सवयीनं टेबल पुसलं आणि त्या गेल्या. सर तासावर गेले. जुलै लागला, तसा विषमतेचा धडा आला.

मित्रांनो, अशा वेळी जुन्या वस्तूंची काळजी घ्या असं सांगायची रीत आहे. माझी नाही घेतली तरी चालेल. मला गुडघे नाहीत. पण तुमच्या शाळेत, कचेरीत कोणी सकाळपासून उभं असेल, तर त्यांना बसायला सांगा. आणि नंतर कोणी विचारलं, तर "मीच बसायला सांगितलं होतं," एवढं तरी म्हणा.