बिनचिंचेची अळूवडी

स्टुटगार्टला लेकाकडे सहा महिने काढून कस्तुराबाई निगडीत परतल्या, तेव्हा त्यांच्या तळमजल्याच्या घराला लागून लक्ष्मणरावांची पांढरी गाडी उभी होती. गाडीखाली सिमेंटचा कोबा. कोब्याखाली कस्तुराबाईंची बाग.

तिथला कढीपत्ता ज्ञानदेवांनी लावलेला, कंपनीतून रिटायर झाले त्या वर्षी. ते गेल्यावर कस्तुराबाई त्या झाडाशीच चार शब्द बोलायच्या. जाताना बाग त्यांनी शेजारच्या लक्ष्मणरावांवर सोपवली होती. सोसायटीचे चेअरमन, शब्दाचे पक्के वाटले. "निर्धास्त जा, ताई," ते म्हणाले होते. दर महिन्याला बागेचा फोटोही पाठवायचे. तिकडे बर्फ पडत असताना त्या तो नातीला कौतुकानं दाखवायच्या.

बॅगा न उघडता त्यांनी सगळे फोटो पुन्हा पाहिले. जानेवारीच्या फोटोत कडेला झारी धरलेला हात होता. मनगटावर भाजल्याचा डाग. हात कस्तुराबाईंचा स्वतःचाच होता!

"आई, जाऊन भांड त्यांच्याशी," फोनवर धम्मरत्न चिडला.

"भांडणार नाही. खाऊ घालणार आहे."

मागच्या सांडपाण्याच्या पाइपापाशी खाजरा अळू तेवढा वाचला होता. रविवारी अकराला सोसायटीची सभा होती. लक्ष्मणराव पुन्हा उभे राहणार होते. कस्तुराबाईंनी हाताला तेल लावून पानं खुडली. बेसन, तिखट, गूळ, तीळ, सगळं घातलं. चिंच घातली नाही. उंडेही अर्धेकच्चे उकडले. सभेला थोडाच वेळ उरला असताना लक्ष्मणरावांना नाश्त्याला घरी बोलावलं.

"परदेशात राहून हाताची चव गेली नाही हं, ताई!" लक्ष्मणराव बोटं चाटत म्हणाले. सहावी वडी वाढताना कस्तुराबाईंचा हात क्षणभर थबकला. मग खिडकीतून कोबा दिसला, आणि त्यांनी सातवीही वाढली.

सभेत लक्ष्मणराव उठले. "सभासद बंधू..." एवढ्यातच घसा खवखवला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. कस्तुराबाईंनी फोन सगळ्यांपुढे फिरवला.

"हा हात माझा. जानेवारीत मी जर्मनीत होते. चेअरमनसाहेब, फोटो कधीचा ते सांगा."

त्यांच्या तोंडून नुसती घरघर निघाली. काही जण हसले. मग मतं पडली, चेअरमन बदलला, कोबा फोडायचं ठरलं.

दुपारी कस्तुराबाई चिंचेचं पाणी घेऊन लक्ष्मणरावांच्या दारात गेल्या. "घोट घोट प्या."

"तुम्ही... मुद्दाम?"

"मुद्दामच."

पेला रिकामा होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या, आणि पेला घेऊन परतल्या.

आठवड्यानं कोबा फुटला. कढीपत्त्याचं खोड आत काळं पडलं होतं. त्यांनी नवीन रोप लावलं.

"पुढच्या हिवाळ्यात येशील ना?" धम्मरत्ननं विचारलं. पलीकडून नातीचा आवाज येत होता.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "आता कुणावर सोडून येऊ?"