व्हॅन कुठून हवा घेऊन राह्यली

"चाचा, तुमाले बिघाड खरंच समजला काय, का नुसताच पाना फिरवून राह्यले?"

हा प्रश्न माझा नाही. तोंड माझं, डोकं निशातचं. ती माझ्या वर्गात आहे आणि गॅरेजवाल्या जलालुद्दीन चाचांची मुलगी आहे. "अब्बाले असं विचारायची आमच्या घरी कोणाचीच हिंमत नाई. तू विचारून दाखव," असं ती मधल्या सुट्टीत म्हणाली आणि सगळ्या पोरी 'ओऽऽ' करून माझ्याकडे पाहायला लागल्या. मागच्याच आठवड्यात मी पूर्ण शाळेसमोर भाषण केलं होतं, न अडखळता! तेव्हापासून मला वाटतं, मी कोणालाही काहीही विचारू शकते.

विचारलं. माझ्यामागे उभे असलेले बाबा ओरडले, "रंजीता! मोठ्या माणसाले असं बोलतेत काय?"

चाचांनी पाना खाली ठेवला. "बोलू द्या, पत्रूभाऊ. सच बात आहे. नाई समजला."

आमची व्हॅन माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. बाबा त्यातून गावच्या सहा पोरींना पोंभुर्ण्याला शाळेत आणतात. संध्याकाळच्या बसनं गावात पोचायला अंधार होतो, आणि दिवाळीपासून रस्त्यावर दोनदा वाघ दिसलाय. म्हणजे व्हॅन आहे म्हणून घरचे आम्हाला पाठवतात. पण महिनाभर ती जिथं उभी केली तिथं बंद पडत होती. गुरुवारी तर नेमकी सागवानात बंद पडली. वीस मिनिटं आम्ही काचा वर करून बसलो, कोणी खोकलंसुद्धा नाही. तेव्हाच बाबांनी ठरवलं, गाडी विकून टाकायची. उद्या रविवारी चंद्रपूरचा माणूस न्यायला येणार होता. व्हॅन गेली की सहा जणींची शाळा गेली. माझं तर दहावीचं वर्ष!

"दोन खेप कार्बोरेटर साफ केला," चाचा म्हणाले. "प्लग बदलले. वेगात चालते, उभी केली की मरते. पेट्रोलसंगं हवा मोजून पाहिजे, अन् हे कुठून तरी फालतू हवा घेऊन राह्यली. जॉइंटवर पाणी मारून पाह्यलं, फरक नाई."

पैज जिंकली होती, तिथून निघायला हवं होतं. पण माझं तोंड थांबतं थोडंच!

"म्हणजे सरबताची नळी मधात चिरली तं सरबत कमी अन् हवाच जास्त येते, तसं काय?"

"हां, वैसाच!" चाचांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "या आवाजात माया एक कान गेला. तुये कान कसे आहेत?"

"एकदम तेज," दारातून निशात ओरडली. "पेपरात मागच्या बाकावरची कुजबुज ऐकते!"

चाचांनी मला हातभर रबरी नळी दिली. "एक टोक कानाले लाव, दुसरं इंजिनजवळ फिरव. आधी वेणी वर बांध. इंजिनच्या फिरत्या पट्ट्याजवळ हात नेजो नको."

आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. इतकी वर्षं मी त्यावर बसले, पण पाहिलं नव्हतं कधी! सीट उचलली, इंजिन सुरू केलं. कानात खडखड, टकटक, जणू राइस मिलमध्येच शिरले. बराच वेळ दुसरं काही नाही.

"राहू दे, बेटा," बाबा म्हणाले. "उद्या देऊनच टाकतो."

मी उठलेच नाही. नळी आणखी खाली सरकवली, पार मागे. आणि सूंऽऽ! मिरची लागल्यावर दातातून हवा ओढतो ना, तसं. नळी हलवली की गायब, परत नेली की हजर.

"इथी! चाचा, इथी!"

चाचांनी आत हात घालून एक बारीक नळी चिमटीत दाबली. थरथरणारं इंजिन एकदम सरळ चालायला लागलं. मग इंजिन बंद करून त्यांनी नळीवरची काळी टेप सोलली. आत हिरवं प्लास्टिक, त्याला लांब चीर.

"हे गाडीची नळी नाई. पत्रूभाऊ, पहिल्याच दिवशी विचारलं होतं, इंजिनले कोणी हात लावला काय? तुमी म्हणे, नाई."

बाबा रस्त्यापलीकडची पानटपरी पाहायला लागले. "मोहफुलं वेचायच्या दिवसात जंगलात तुटली होती. फवारणीच्या पंपाची कापून लावली. मस्त चालत होती तं!"

"गर्मीनं कडक झाली अन् चिरली. मग मले सांगितलं काऊन नाई?"

"तुमी हसाल म्हणून."

चाचा हसलेच. मग बाबाही.

नवी रबरी नळी दहा मिनिटांत बसली. "शनिवारी शाळा लवकर सुटते न? येत जा," निघताना चाचा मला म्हणाले. परत जाताना बाबांनी मुद्दाम चार ठिकाणी गाडी उभी केली, सागवानातही. बंद पडली नाही! तसा त्यांनी चंद्रपूरच्या माणसाला फोन लावला, "येऊ नका भाऊ, गाडी द्यायची नाई."

आई अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. "बनली काय?"

"बनली. पोरीनं शोधलं," बाबा म्हणाले.

"अन् बिघडवली कोणी?"

बाबा काही बोलायच्या आत मीच बोलले. "आई, बाबा, दहावी झाली की मी आयटीआयले मोटर मेकॅनिकचा फॉर्म भरणार. तोवर दर शनिवारी चाचाच्या गॅरेजात. विचारून नाई राह्यली, सांगून राह्यली."