उजवी बाजू

तोंडात धरलेली टाचणी काढून तिनं मशीनवरच्या उशीला टोचली आणि टेप पुन्हा त्याच्या पाठीवर धरली.

“सरळ उभा राहा.”

“सरळच तर उभा आहे की, मास्तर.”

तो खरंच सरळ उभा होता. टाचा जुळवून, शाळेच्या रांगेत उभं राहिल्यासारखा. तरी उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली होता. तिनं खडूची रेघ पुसली, परत मारली. रेघ तिथंच आली.

“काय झालं? कोट होत नाही का माझ्या मापाचा?”

“होतो रे,” ती म्हणाली. “हात खाली घे.”

तो, तिचा दुसरा नवरा, लिफ्ट दुरुस्त करायचा. तो तिला मास्तर म्हणायचा, ती त्याला मिस्त्री. दोन वर्षांपूर्वी कामाची पँट आखूड करून घ्यायला तिच्या दुकानात आला, तेव्हा ती खाली बसून टाचण्या लावत होती आणि हा माणूस जराही हलला नव्हता. पुरुष ट्रायलला उभे राहिले की चुळबुळ करतात, आरशात पोट आत घेतात. हा नुसता उभा. त्याचे खांदे तेव्हा तिनं पाहिले होते. ओळंबा धरून बांधलेल्या भिंतीसारखे सरळ. तिची नजर अशा बाबतीत चुकत नसे. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याच्या कोटात कुठे भर घालावी लागेल, हे तिला कळायचं.

आणि उजव्या खांद्याला भर घालायची तिच्या हाताला चांगलीच सवय होती. तिच्या पहिल्या नवऱ्याच्या सगळ्या कोटांना ती घालायची. तो औषधांची जड बॅग घेऊन दवाखाने पालथे घालायचा. त्या बॅगेनंच खांदा उतरला, असं ती सगळ्यांना सांगे. तो आजारी पडून गेल्यावर तिनं ते कोट देऊन टाकले, फोटो कपाटात ठेवले. मिस्त्रीनं ते कधी बघायला मागितले नाहीत, तिनं दाखवले नाहीत.

पण मिस्त्रीच्या या नव्या कोटाला तिनं भर घातली नाही. मनाची समजूत घातली, की लिफ्टचे दोर ओढून ओढून झालं असेल.

पण मग ती बघायला लागली, आणि एकदा बघायला लागल्यावर थांबता येईना. मिस्त्री कुलूप उघडून घरात शिरण्याआधी घसा खाकरायचा. पूर्वी खाकरायचा का? चहा संपला की कप बशीत पालथा घालायचा. हे कुठून शिकला? एकदा तो आंघोळीहून आला आणि ओला टॉवेल दाराच्या वरच्या कडेवर टाकून निघून गेला. ती बराच वेळ त्या टॉवेलकडे बघत बसली. याच गोष्टीवरून तिनं पहिल्या नवऱ्याशी उभा जन्म भांडण केलं होतं. मिस्त्रीशी भांडायला तिची जीभ रेटेना.

“तू टॉवेल असा कधीपासून टाकायला लागलास?” तिनं संध्याकाळी विचारलं.

“कसा?”

“दारावर.”

त्यानं आठवून पाहिलं. “मी आधीपासूनच टाकतो ना?”

तो थट्टा करत नव्हता. तरीही रोजच्यासारखी ती त्याच्याबरोबर फिरायला बाहेर पडली. त्याच्या उजव्या हाताला, त्याच्या कोपरात आपला हात अडकवून. लग्नाआधी पहिल्यांदा फिरायला गेले होते, तेव्हाही न विचारता दोघं याच बाजूंना आले होते. किती वर्षं बरोबर चालत असल्यासारखे. घरी येऊन ती तेव्हा आरशासमोर उगाच हसली होती. या वयात हे असं काही होईल, असं तिला वाटलं नव्हतं.

भाचीच्या लग्नाची खरेदी करायला मिस्त्रीची मोठी बहीण आली. ताई म्हणजे बोलका जीव. आल्या आल्या तिनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला, भावाचं पोट सुटल्याचं जाहीर केलं आणि भावजयीच्या उजव्या हाताला खुर्ची ओढून बसली. मिस्त्री कामावर गेला होता. दोघी भाजी निवडत होत्या. ताई मुलीच्या सासरचं काहीबाही सांगत होती आणि सांगता सांगता थांबली.

“अगं, मी काय विचारतेय?”

“काय, ताई?”

“दोनदा विचारलं. ब्लाउज शिवून होईल का, म्हणून.”

“माझं लक्ष नव्हतं. होईल की.”

ताईच्या हातातली शेंग हातातच राहिली. ती उठली, वळसा घालून दुसऱ्या बाजूला आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “या कानानं येतं ना ऐकू?”

“येतं की. दोन्हींनी येतं.”

“मग मान अशी का करतेस?”

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपली मान उजवीकडे वळली आहे, डावा कान पुढे आला आहे, आणि हात गालाशी आहे. तिनं हात खाली घेतला.

ताई परत खुर्चीत येऊन बसली.

“आमच्या आईला उजव्या कानानं ऐकू यायचं नाही,” ताई म्हणाली. “लहानपणीच्या तापात गेला होता कान. हा सारखा तिच्या डाव्या बाजूला चिकटलेला. शेपूट म्हणायचो आम्ही याला. मग याचं पहिलं लग्न झालं. ती मुलगी चांगली चुणचुणीत होती. शेजारच्या घरातलं कुजबुजलेलं ऐकायची. दोन-तीन वर्षांत तिचीही मान अशी व्हायला लागली. उजव्या बाजूनं हाक मारली तर ओ नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. कानात काही दोष नाही, म्हणाले.”

“आणि?”

“आणि काय? तशीच राहिली. मग ती गेली, ते दुसऱ्याच दुखण्यानं. पण शेवटपर्यंत तो कान काही उघडला नाही.” ताईनं शेंगा पुढ्यात ओढल्या. “माझा भाऊ देवमाणूस आहे, गं. त्यानं कुणाला बोटही लावलं नाही. तू उगाच मनात आणू नकोस.”

तिनं मान हलवली आणि शेंगा मोडायला घेतल्या.

रात्रभर तिला एकच आठवत राहिलं. पहिला नवरा दवाखान्यांच्या पायऱ्या चढतोय, ती त्याच्याबरोबर आहे, आणि जड बॅग त्याच्या डाव्या हातात आहे. कायम डाव्याच हातात असायची. कारण उजव्या हाताला ती स्वतः लटकलेली असे.

दुसऱ्या दिवशी ताईला गाडीत बसवून ती कानाच्या डॉक्टरांकडे गेली. काचेच्या खोलीत बसून तिनं आवाज आला की बटण दाबलं. अगदी बारीक, दूर कुठेतरी वाजल्यासारखा आवाजही तिला आला. दोन्ही कानांनी.

“ठणठणीत आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “कशासाठी आला होतात तुम्ही?”

“सहज,” ती म्हणाली.

खाली मिस्त्री घ्यायला आला होता. तो जवळच्याच इमारतीत कामाला होता, हाताला ग्रीसचा वास येत होता. काय म्हणाले डॉक्टर, असं त्यानं विचारलं नाही. ती सांगणार होती, पण तेवढ्यात फुटपाथ खणलेला लागला. मातीच्या ढिगामुळे एकामागोमाग एक चालावं लागलं, आणि ढीग संपला तेव्हा तो तिच्या उजव्या बाजूला आला होता. तिला ते चुकीच्या पायात चप्पल घातल्यासारखं वाटलं. हात कुठे ठेवावा, ते कळेना.

थोडं अंतर दोघं तसेच चालले. समोर दुकानांचे दिवे लागत होते. मग तो बोलला. तिच्याकडे न बघता, तिच्या उजव्या कानाच्या बाजूनं, सावकाश, एकट्यानं बोलावं तसं.

“मला तुझी भीती वाटायला लागली आहे,” तो म्हणाला. “सकाळी आरशात बघतो तर मीच मला ओळखू येत नाही. कुणाला सांगू? पण तू जाऊ नकोस. तू पण जाऊ नकोस.”

तिला शब्द न् शब्द ऐकू आला. त्याच्या आवाजातली कापरी कडसुद्धा. तिची पावलं अडखळणार होती, ती तिनं अडखळू दिली नाहीत. समोरच्या दिव्यांवरची नजर हलवली नाही, आणि मान किंचित उजवीकडे झुकू दिली.

तो पाठीमागून फिरून तिच्या डाव्या बाजूला आला. त्याच्या चेहऱ्यावर कसलंसं ओझं उतरल्यासारखं दिसत होतं.

“दूध घ्यायचं राहिलंय ना?” त्यानं मोठ्यानं विचारलं.

“हो,” ती म्हणाली. “मघाशी काही म्हणालास का?”

“नाही.”

“मला वाटलं, काही म्हणालास.”

“नाही, गं,” तो म्हणाला, आणि दुधाच्या दुकानाकडे वळला.