समेटाची खोली

आमच्या शाळेत भांडणं होत नाहीत, असं मुख्याध्यापक प्रत्येक पालकसभेत सांगत. ख्रिस्ती शाळा ती. तिथे भांडणं कशी होणार? तिथे फक्त मनं दुखावत. आणि ती इतकी दुखावू लागली, की समेटासाठी एक स्वतंत्र खोली करावी लागली.

खोली निवडली तळमजल्यावरची, बालवर्गाची. शेजारी स्वच्छतागृह, समोर नळ. बालवर्गाच्या बाईंनी तिथे बावीस वर्षं चार-चार वर्षांची पोरं घडवली होती. एका शनिवारी पोरांच्या खुर्च्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या आणि खोलीत गालिचा, गोल टेबल आणि क्षमेबद्दलची एक पाटी आली.

स्वच्छतागृह काही वर गेलं नाही. मध्ये बेचाळीस पायऱ्या. चार वर्षांचं पोर ‘बाई, शू’ म्हणतं, तेव्हा हातात फारसा वेळ उरलेला नसतो. पहिल्याच आठवड्यात अकरा चड्ड्या बदलाव्या लागल्या. बाई कधी वैतागल्या नाहीत. पण दुसऱ्या आठवड्यात वर्गातल्या एका पोरीने, जिला सगळे बडबडीच म्हणत, पाण्याची बाटली तशीच भरलेली परत ठेवली.

“पाणी का नाही प्यायलीस गं?”

“नको बाई. प्यायलं की खाली जावं लागतं. आम्ही कुणीच पीत नाही.”

त्या दिवशी बाईंनी तक्रार करायचं ठरवलं.

तक्रारीची रीत ठरलेली होती. आधी ज्याच्याविषयी तक्रार, त्याला एकट्याने भेटायचं. मग दोन साक्षीदार नेऊन. तरीही भागलं नाही तर समेट समिती.

बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. ते हात पसरून उठले.

“या, भगिनी! तुमच्या मनात माझ्याविषयी कडवटपणा आहे, कळलं मला. मी तुम्हाला क्षमा केली.”

“सर, मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही.”

“म्हणून तर! आधीच करून टाकली.”

“मला क्षमा नको, खोली हवी. पोरं पाणी पीत नाहीत.”

“चला, प्रार्थना करू या,” म्हणत सरांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांच्या माणसाशी वाद घालता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उपासनेत त्यांनी सगळ्या शाळेसमोर विनंती केली, “प्रभू, आमच्यातल्या एका भगिनीचं मन मऊ कर. नाव मी घेत नाही. ती बालवर्गाला शिकवते.”

साक्षीदार म्हणून गणिताचे सर आणि ग्रंथपालबाई आल्या. गणिताचे सर व्हरांड्यात वाघ होते. कार्यालयाचा उंबरा ओलांडला आणि मूग गिळून बसले. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “मी दोन्हीकडून आहे.” तेही प्रार्थनेवरच आटोपलं.

राहिली समिती. अध्यक्ष कोण, तर मुख्याध्यापक. त्यांच्याविरुद्धची तक्रार त्यांच्याइतकी बारकाईने दुसरं कोण ऐकणार? जोडीला संस्थेच्या सचिव आणि चर्चचे पाळकसाहेब. पाळकसाहेब सत्तरीचे, साखरेचे जुने रुग्ण, मनाने मऊ. सगळे समेटाच्या खोलीत जमले, दोन-दोन कप चहा झाला आणि सचिवबाईंनी नियमांची वही उघडली.

“अहो सर, हे तुम्हीच लिहिलंय. वाद ज्या जागेवरून असेल, तिथे बैठक घेऊ नये.”

“मग दुसरी खोली बघा.”

“सगळीकडे तास चालू आहेत.”

“माझ्या वर्गात या ना,” बाई शांतपणे म्हणाल्या. “पोरं मध्ये बोलत नाहीत. फारशी.”

बेचाळीस पायऱ्या चढून समिती इवल्याशा खुर्च्यांवर टेकली. सरांनी सुरुवातीची प्रार्थना धरली. त्यात जग आलं, देश आला, शाळेचं छप्पर आलं. पाळकसाहेब खुर्चीतच एकदा इकडे, एकदा तिकडे कलले. मग गुडघे जुळवले. मग चुळबुळू लागले.

“बाई,” बडबडी कुजबुजली, पण तिची कुजबुज फाटकापर्यंत जात असे. “या आजोबांना शू आलीये.”

“शू गं! प्रार्थना चाललीये.”

“हो ना, तेच सांगतेय. शू. मी पण असेच पाय करते.”

सरांच्या प्रार्थनेचा धागा तुटला. पाळकसाहेब लाल होऊन उठले. “येतो जरा. कुठे आहे ते?”

सगळी पोरं एका सुरात ओरडली, “खाली!”

“पळा आजोबा,” बडबडीने अनुभवाचे बोल सांगितले. “आणि कठडा धरा.”

ते वेळेवर पोचले की नाही, हे कुणी विचारलं नाही. वर मात्र ते आले नाहीत. दहा मिनिटांनी शिपाईमामा निरोप घेऊन आले, “पाळकसाहेब घरी गेले. जाताना म्हणाले, खोली आजच्या आज पोरांना द्या. आणि सरांना म्हणावं, प्रार्थना आखडती घ्या.”

सचिवबाईंनी हसू दाबत मान हलवली. सर कधी वहीकडे, कधी जिन्याकडे बघत राहिले.

दुपारी गालिचा गुंडाळून निघाला आणि खुर्च्या खाली उतरल्या. कारकून समेटाचा कागद घेऊन आला. त्यावर दोनच चौकटी होत्या: ‘मी क्षमा केली’ आणि ‘मला क्षमा मिळाली’. पहिलीत सरांनी आधीच सही ठोकली होती.

बाईंनी दुसरीत सही केली.

“अहो बाई, चूक तर त्यांची होती!”

“असू दे रे. खोली आपण घेतली, आता त्यांच्याही हाती काहीतरी नको का?” असं म्हणून त्या वर्गाकडे वळल्या. “चला रे, बाटल्या काढा. आज सगळ्यांनी पोटभर पाणी प्यायचं.”