मागची सीट

खांद्यावर दोनदा थापटलं गेलं, तेव्हा मास्तर घाट चढत होते आणि गाडी अगदी हुकमात होती. वळण आलं की अंग किंचित कलवायचं, बाकीचं तिचं ती बघून घेई. चढावर तिला धाप लागत नव्हती. पुढची काच वारा अशी अडवत होती की छातीवर दाब नाही आणि मनगटांवर भार नाही. आजवर मोटरसायकलच्या कारखान्याने चालवून पारखायला मास्तरांच्या हाती नाही नाही त्या गाड्या दिल्या होत्या. काहींनी हात बधिर केले, काहींनी कंबर धरायला लावली. ही मात्र पळायलाही तयार आणि लांबच्या प्रवासालाही. गुणाची निघाली होती.

पण मागून दोनदा थापटलं गेलं होतं.

एकदा थापटलं म्हणजे सगळं ठीक, दोनदा म्हणजे थांबा. हेल्मेटमधून बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मास्तरांनी लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत बायकोला ही खूण शिकवली होती. "दोनदा थापटलंस की असेन तिथे थांबेन. शब्द माझा," असं छातीठोकपणे सांगितलं होतं आणि पाळलंही होतं. नवी गाडी विक्रीला निघण्याआधी मागच्या सीटवर कारखान्याबाहेरचं माणूस बसवून दिवसभर हिंडवायची पद्धत होती. ते माणूस म्हणजे दरवेळी बायकोच. "आमचं फिरणं कारखान्याच्या पेट्रोलवर," असं ती शेजारणींना चेष्टेने सांगे. पण फेरीचा दिवस ठरला की दोघांच्या डब्यात काय न्यायचं, हे तिचं आधीच ठरलेलं असे.

पुढे रस्ता रुंद होतो, तिथे थांबू, असं मास्तरांनी मनाशी म्हटलं. रुंद रस्ता आला. पण तिथून पुढचं वळण दिसत होतं, लांबलचक, मोकळं, गाडीचा कस लागावा असं. एवढं एकच, म्हणत त्यांनी ते घेतलं. मग त्याच्या पुढचं घेतलं. पुन्हा दोनदा थापटलं गेलं, या वेळी चांगलं जोरात. मास्तरांची निवृत्ती तोंडावर आली होती, अशी गाडी पुन्हा हाती लागायची नव्हती. त्यांनी मूठ पिळून वेग वाढवला. त्यानंतर खांद्यावर हात आला नाही.

घाटमाथ्यावर चहाची टपरी होती. तिथे गाडी उभी केली, तर बायको उतरेना.

"काय गं?"

"उतरते. पाय माझा आहे की दुसऱ्या कुणाचा, तेच कळत नाहीये."

तिने पाय खाली टाकला आणि तो तसाच दुमडला. मास्तरांच्या हातात गाडीचं ओझं. ते सावरावं की हिला धरावं, असं होईतो टपरीवालीच धावत आली आणि बायकोला काखेत हात घालून तिने बाकावर नेऊन बसवलं.

"काय हो दादा, मागे माणूस बसलंय, मध्ये थांबायचं तरी!"

"अहो, त्यांना कशाला बोलता?" बायको म्हणाली. "मीच सांगितलं नाही. म्हटलं, आता माथा येईलच."

खरं बोलायला हीच वेळ होती. मास्तरांनी तोंड उघडलंही.

"मला कळलंच नाही," ते म्हणाले. "थापटायचंस ना."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर परवडलं असतं.

"वारा होता ना," ती म्हणाली आणि पाय चोळू लागली.

मास्तरांनी चहा उभ्यानेच घेतला. जन्मभर गाड्यांमधल्या चुका काढल्या म्हणून कारखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत. आज बायकोच्या तोंडावर धडधडीत खोटं बोललो आणि तिने ते सांभाळून घेतलं, याची त्यांना मनस्वी लाज वाटली. बाकावर शेजारी बसायचाही धीर होईना. डबा तसाच राहिला.

"घाट उतरताना दुखलं की थापट हं. लगेच थांबतो."

"हो."

घाट उतरताना मास्तरांनी गाडी अशी हाकली की मालाचे ट्रकसुद्धा हॉर्न देत पुढे गेले. सगळं लक्ष खांद्याकडे. शेवटी आरशात पाहिलं, तर तिची दोन्ही कोपरं मागे गेलेली. तिने सीटमागची दांडी धरली होती. मास्तर आपणहून दोन ठिकाणी थांबले.

"मी काही म्हटलं का?" दोन्ही वेळा ती म्हणाली. "चला."

कारखान्याच्या फाटकात इंजिनीअरबाई वाट बघत उभ्याच होत्या. वयाने लहान, आणि ही गाडी त्यांच्या हातची पहिलीच.

"काकू, कशी वाटली? कुठे दुखलं-खुपलं?"

"छे गं, मस्त आहे. सीट मऊ आहे."

इंजिनीअरबाईंचा चेहरा खुलला. "मग मास्तर, मागची सीट पास ना?"

"नापास," मास्तर म्हणाले. "पाय ठेवायची जागा फार वर आहे, गुडघे दुमडून राहतात. हिचा पाय बधिर झाला, पडतच होती."

"पण काकू तर..."

"ती असंच म्हणणार. तिने मला थांबायची खूण केली होती, एकदा सोडून दोन वेळा. मला कळली होती. मी थांबलो नाही."

"का?"

"गाडी चांगली पळत होती," मास्तर म्हणाले, आणि आपलेच शब्द ऐकून त्यांनी मान खाली घातली.

बायकोने हेल्मेट काढून इंजिनीअरबाईंच्या हातात दिलं, केस सारखे केले. "झालं ना काम? निघते मी."

"थांब, स्कूटर काढतो."

"नको. बसने जाते. बसमध्ये पाय पसरता येतो."

पायासाठीच म्हणतेस ना, हे विचारायचं मास्तरांच्या ओठांवर आलं होतं.

ती लंगडत थांब्यापर्यंत गेली. बस आली, तशी चढून खिडकीशी बसली. मास्तर आपली जुनी स्कूटर घेऊन बसच्या मागे लागले. थांबा आला की बस थांबे. मग मास्तरही पाय टेकून थांबत, धूर खात. माणसं चढत, उतरत. मागचे लोक हॉर्न वाजवत, कुणी शिव्या घालत बाजूने निघून जाई. बस हलली की मास्तर हलत. रस्ता मोकळा होता, तरी घर येईपर्यंत त्यांनी बस ओलांडली नाही.